आधी त्याचे ऐकून घे

प्रिय,

तुझे पत्र मिळाले. वर्गातल्या मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखे दिसणारे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडले आणि त्याच्याशी काय बोलावे हे सुचेना, म्हणून त्या दिवशी तू गप्प राहिलीस, हे बरेच झाले. वस्तू हातात धरून केलेली विचारपूस मुलाला झडतीच वाटते.

त्याला एकट्याला गाठ आणि शक्यतो चालता चालता बोल. ‘का ओढतोस?’ या प्रश्नावर मुले बचावाला उभी राहतात, त्याऐवजी ‘ओढल्यावर कसे वाटते?’ असे विचार आणि उत्तराची वाट पाहा. माझ्यासमोर एक मुलगी स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेत कितीतरी वेळ बसून होती, मग हळूच म्हणाली, “सकाळी सगळ्यांचा राग येतो, मधल्या सुट्टीत ओढले की डोके शांत होते.”

बोलण्याची खरी सुरुवात तिथून झाली. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि सुमारे 2 तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. ते उतरू लागले की चिडचिड सुरू होते, म्हणजे तिला जी शांतता वाटत होती ती आधीच्या झुरक्यांनी लावलेली तलफ भागल्याची होती. हे मी तिला कागदावर रेघ काढून दाखवले, तेव्हा ती त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिली. मेंदूची घडण साधारण 25व्या वर्षापर्यंत चालू असते, म्हणून या वयात सवय लवकर आणि घट्ट लागते, हेही तिला सांगितले.

तुझा विद्यार्थी बहुधा म्हणेल की ही नुसती वाफ आहे. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. ते क्षाराच्या रूपात असले की घशाला फारसे टोचत नाही, त्यामुळे किती आत गेले याचा अंदाजच येत नाही. सिगारेटपेक्षा हे बरे ना, असे त्याने विचारले तर काही जळत नसल्याने विषारी द्रव्ये कमी असतात हे मोकळेपणाने मान्य कर, पण ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही त्याला ही तुलना लागू पडत नाही, हेही सांग. भीती घालण्यासाठी काही वाढवून सांगू नकोस. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या नव्वद त्याच्या लेखी खोट्या ठरतात. ‘घरी कधीच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नकोस; सांगायची वेळ आली तर आधी तुला कळवीन, एवढे म्हण.

त्याने सोडायचे ठरवले तर पहिले 3 दिवस सर्वांत कठीण जातील आणि पुढचे काही आठवडे लक्ष लागणार नाही. डॉक्टरांची मदत घ्यायला त्याला सुचव. त्या दिवसांत तो वर्गात तुझ्यावर खेकसला, तर ते मनाला लावून घेऊ नकोस, आणि पुन्हा ओढले असे सांगायला तो आपणहून आला, तर त्याला बसायला खुर्ची दे.

तुझी,
ताई