आगमनकाळ: आला की यायचाय?

नवापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: नाताळआधीच्या चार रविवारांच्या उपासनेच्या काळासाठी मंडळीच्या (चर्चच्या) पत्रकावर 'ॲडव्हेंट' छापायचं की 'आगमनकाळ'? काहींच्या मते 'आगमनकाळ' हा इंग्रजीवरून ओढूनताणून पाडलेला शब्द आहे. शिवाय घरी लेकाने विचारलं, येशू तर दोन हजार वर्षांपूर्वीच आला, मग दरवर्षी आगमन कुणाचं?

'आगमनकाळ' छापा, आणि जोडून छापा.

'इंग्रजीवरून पाडलेला' हे वाक्य मी जळगाव-धुळ्याकडे इतक्यांदा ऐकलंय, की आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही. मुळात ॲडव्हेंट इंग्रजांचा नव्हेच. लॅटिनमध्ये 'आद्वेन्तुस' म्हणजे येणं, येऊन पोचणं. रोमन सम्राट नगरात प्रवेश करी त्या सोहळ्याचं हेच नाव. सम्राटांच्या नाण्यांवरही ते कोरलेलं सापडतं. त्यातलं 'वेनिरे' हे क्रियापद आणि आपला 'गम्' धातू एकाच मुळाचे. मूळ उच्चार 'ग्व' असा जोडलेला होता. संस्कृतने त्यातला 'ग' ठेवला, लॅटिनने 'व' ठेवला, इंग्रजांचा 'कम' हाही त्याच घरातला. आपला 'जीव' आणि लॅटिनचा 'वीवुस' यांच्यातही हीच वाटणी दिसते. 'आद्' आणि 'आ' या उपसर्गांचं नातं मात्र मी जोडत नाही, ते वेगळे आहेत. पण धातू एकच आहे. म्हणजे 'आगमन' हा भाषांतराने घडवलेला शब्द नाही, ॲडव्हेंटचं सख्खं भावंड आहे. नाताळचंही तसंच: पोर्तुगीजांकडून आलेल्या त्या शब्दाचं मूळ आणि आपल्या 'जन्' धातूचं मूळ एकच.

आणि 'आगमन' पुस्तकी वाटतो ना? मग 'आला' घ्या. संस्कृत 'आगत', प्राकृतात त्यातला 'ग' झिजला, 'त' झिजला, मागून मराठीचा 'ल' लागला आणि 'आला' झाला. रोज तोंडात असलेल्या 'आला'त तोच गम् दडलेला आहे. 'ये' मात्र त्या घरचा नाही. तो 'इ' धातूचा, आ + इ असा. एकाच क्रियापदात दोन मुळं: झालेलं सांगायला एक, बोलवायला दुसरं. अहिराणीतही पाहा, 'तो उना' आणि 'आठे ये'. उना, ये, आला, ये. माझं ठाम मत आहे की आगमनकाळाचा अर्थ या जोडीइतका नेमका कुठलाच कोश सांगत नाही.

पुरावा बायबलातच आहे. प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी (१६:२२) 'मारानाथा' हा अरामी शब्द येतो. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. 'मारान अथा' असा तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे'. 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये'. बहुतेक अभ्यासक आज दुसरा अर्थ घेतात, कारण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटी (२२:२०) तशीच हाक आहे. त्यांची बाजू भक्कम आहे, मला मान्य आहे. पण म्हणून पहिला अर्थ पुसून टाका म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. जो एकदा येऊन गेला त्यालाच 'ये' म्हणताहेत. आधीचा 'आला' नसता तर नंतरचा 'ये' कुणाला म्हणायचा?

याच कारणाने 'ॲडव्हेंट म्हणजे नाताळची तयारी' हे अर्धवट उत्तर मला खटकतं. जेरोमच्या लॅटिन बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात 'आद्वेन्तुस' येतो तो गोठ्यातल्या बाळासाठी नाही, मनुष्याच्या पुत्राच्या, म्हणजे येशूच्याच, शेवटच्या येण्यासाठी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वाचलं जाणारं शुभवर्तमानही बेथलेहेमचं, म्हणजे येशूच्या जन्माचं, नसतं. जागे राहा, सावध राहा, हा त्या दिवसाचा सूर. बेथलेहेमकडे लक्ष वळतं ते १७ डिसेंबरपासून. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्ड या मठवासी संताने मधलं तिसरं येणंही सांगितलं: आज, माणसाच्या अंतःकरणात. चांदण्या टांगणं, गाण्यांचा सराव, फराळ हे सगळं हवंच, पण नुसतं तेवढंच उरलं तर काळाचा अर्थ गेला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न्यायला मुऱ्हाळी येणार म्हणून लेक वाट पाहते, ती आदल्या वर्षी तो आला होता या भरवशावरच. तशी ही वाट आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट. आगमनकाळ दरवर्षी १ डिसेंबरला सुरू होत नाही. ती खिडक्यांच्या, चॉकलेटच्या कॅलेंडरांची तारीख. नाताळआधीचा चौथा रविवार धरायचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही. २०२५ मध्ये तो ३० नोव्हेंबरला होता, २०२६ मध्ये २९ ला. उपासनेचं नवं वर्षही त्याच दिवशी सुरू होतं.

कुणी 'पुनरागमनकाळ' सुचवलं तर तेही नको. त्यात 'ये' राहतो आणि 'आला' सुटतो. लेकाला सांगा, आलेल्याचंच आगमन. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना 'आगमन' जड वाटत असेल, तर पत्रकात त्याखाली 'प्रभूच्या येण्याचे दिवस' एवढी ओळ घाला.