फरशी केवढ्याची?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र परवा मिळालं. आर्किटेक्चरच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी मुंबईतलं नावाजलेलं ऑफिस धरावं की आपल्या गावातलं चार माणसांचं, असं विचारलं आहेस. ऑफिसच्या आकाराचा मी फारसा विचार करणार नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा दोन गोष्टी विचार: साइटवर मला किती वेळा नेणार, आणि माझं ड्रॉइंग कोण तपासणार? दुसऱ्या प्रश्नावर कुणा एकाचं नाव पुढे आलं नाही, तर तिथे जाऊ नकोस.

माझ्या ट्रेनिंगमध्ये मला एका बंगल्याचा जिना काढायला दिला होता. मजल्याची उंची ३ मीटर, १५० मिमीच्या २० पायऱ्या, हिशेब चोख. शीट देखणी झाली, कुणी नीट बघितली नाही आणि ती तशीच साइटवर गेली. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी साचा बांधण्याच्या वेळी मिस्त्रींनी कागद उलगडला नि विचारलं, "मॅडम, फरशी केवढ्याची?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी वाळूत बोटाने रेघा ओढून दाखवलं. दोन्ही मजल्यांवर फरशी आणि खालचा माल मिळून ७५ मिमी चढणार, पायरीवर मात्र ४०. म्हणजे कच्च्या कामात सगळ्या पायऱ्या सारख्या १५० ठेवल्या, तर फरशी बसल्यावर पहिली पायरी ११५ उरते आणि शेवटची १८५ होते. जिना चढताना पाय सवयीने उचलला जातो, त्यामुळे माणूस नेमका वर पोचता पोचता ठेचकाळतो. कच्च्या मापात पहिली १८५ आणि शेवटची ११५ धरायला हवी होती.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी ऑफिसमधल्या सीनियर बाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. ट्रेसिंग पेपर पसरून, मला शेजारी बसवून त्यांनी अख्खा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, पुन्हा काढला, पायाच्या पीसीसीपासून (साध्या काँक्रीटच्या थरापासून) गच्चीच्या कठड्यापर्यंत, प्रत्येक थराची जाडी लिहीत. दीड तास लागला. कॉलेजात ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या वेळी शीट भिंतीवर असायच्या आणि आम्ही त्यांच्यापुढे उभे. शेजारी बसून कुणी असं काढून दाखवलं नव्हतं.

म्हणून अर्धवट काम दाखवायची लाज सोड. रंगवून पूर्ण केलेल्या शीटवर पेन्सिल टेकवायला समोरच्याचाही हात धजत नाही. खाडाखोड असलेला कागद ने, आणि जिथे अडलीस तिथेच बोट ठेव.

स्टायपेंड मागायला संकोच करू नकोस. आपले नामवंत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी १९५१ साली पॅरिसला जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएंकडे गेले, तेव्हा पहिले आठ महिने त्यांनी पगाराशिवाय काम केलं. हा दाखला देऊन तुला कुणी फुकट राबवू पाहील, तर ऐकू नकोस. दोशींना त्या गुरूच्या हाताखाली शिकायला मिळत होतं. तुला दिवसभर नुसते थ्रीडी व्ह्यू काढायला बसवणार असतील, तर ती नोकरी झाली आणि नोकरीचे पैसे मिळायलाच हवेत.

येत्या रविवारी आमच्या साइटवर ये, जिन्याचं सेंटरिंग चालू आहे. येण्याआधी टेप घेऊन तुझ्या इमारतीचा जिना मोज. प्रत्येक पायरीची उंची वेगळी लिही, पहिली आणि शेवटची विसरू नकोस. ती वही सोबत आण.