जेवूनच जावा की

टिळकवाडी, बेळगाव

बाळा, अनेक आशीर्वाद.

बेंगळुरूच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली एकच ओळ: ‘सर, यात अ‍ॅस्पर्गर कुठंच नाही. मग मला नक्की काय आहे?’

जे काल होतं तेच आहे. बदललंय ते नाव: पूर्वी ज्याला अ‍ॅस्पर्गर म्हणायचे, त्याला आता रिपोर्टमध्ये ऑटिझमच लिहितात. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर या डॉक्टरनी १९४४ मध्ये तुझ्यासारख्या मुलांवर जर्मनमध्ये लिहिलं. १९८१ मध्ये लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ‘अ‍ॅस्पर्गर’ हे नाव रूढ केलं. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या डीएसएममध्ये, म्हणजे डॉक्टर मानसिक निदानासाठी वापरतात त्या पुस्तकात, ते वेगळं निदान म्हणून आलं आणि २०१३ मध्ये गेलं, कारण त्याच मुलाला एक डॉक्टर अ‍ॅस्पर्गर म्हणायचा, दुसरा ऑटिझम. पुढं २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकारानं जुनी कागदपत्रं मांडली: नाझी काळात जिथं अपंग मुलांना मारलं जायचं, त्या संस्थेकडे अ‍ॅस्पर्गरनी मुलं पाठवली होती. तेव्हापासून ते नाव घेताना माझी जीभ अडखळते.

(ऑटिस्टिक माणसाला मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात. तोही शब्द मला पटत नाही. तू स्वतःत कुठं मग्न असतोस? तू रेल्वेच्या वेळापत्रकात असतोस.)

तुला जुनंच नाव का हवंय ते मला कळतं, राग मानू नकोस. अ‍ॅस्पर्गर म्हणजे हुशार, आणि गल्लीतला तो न बोलणारा मुलगा म्हणजे ऑटिझम, असं तू मनात धरलंयस. पण विसर्जनाला डॉल्बी लागला की तू कान दाबून कट्ट्याआड बसतोस आणि तो नाचतो. दोघांपैकी कोणाचा ऑटिझम ‘जास्त’, सांग बघू? बोलणं, आवाज, अचानक झालेला बदल, यातलं कोणाला काय जड जाईल ते ज्याचं त्याचं वेगळं.

आईला मात्र आजच सांग, की घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणून हे झालेलं नाही. जास्त भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. लसीनंही नाही.

खरी अडचण आपल्या बोलण्याची आहे. ‘जेवूनच जावा की’ म्हटलं की तू खरंच पाटावर बसतोस आणि आत काकू भाताचं पातेलं वाकवून बघते. आठवीत तू सहलीचं विचारलंस, मी ‘बघूया की’ म्हणालो. तू आठ दिवस रोज दहाला येऊन विचारायचास, ‘बघितलंत?’ शेवटी मी खेकसलो. चूक माझी होती. ‘नाही’ म्हणायचं धाडस मला झालं नाही आणि चिवट ठरलास तू. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकानं २०१२ मध्ये हेच मांडलं: न कळणं दोन्हीकडून असतं. तेव्हा नोकरीत कोणी ‘बघू’ म्हणालं तर सरळ विचार, ‘हो समजू की नाही?’ चेहरा वाकडा झाला तर होऊ दे.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो काढायचा की नाही, हे तुझं तू ठरव. मामांना ठरवू देऊ नकोस.

रविवारी अकराला ये. जेवायला थांबायचं आहे. हा आग्रह नव्हे, तुझ्या वाटणीचा भात खरंच लावणार आहे. आमटी वेगळ्या वाटीत.

तुझे सर