‘दर्जा’ की ‘स्थिती’? एका थरारकथेच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: “कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर घडणारी एक राजकीय थरारकादंबरी मराठीत आणतो आहे. बॉम्बस्फोट, फुटीर गट, वॉशिंग्टनमधली खलबतं, सगळा मसाला आहे. तिच्यात ‘स्टेटस’ हा शब्द पानोपानी येतो. मी ‘दर्जा’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘दर्जा’ म्हटलं की दर्जेदार हापूस आठवतो, ‘राजकीय स्थिती’ करा. शिवाय ‘कॉमनवेल्थ’ला ‘राष्ट्रकुल’ आणि बंदुका चालवणाऱ्यांना ‘दहशतवादी’ चालेल ना?”

‘दर्जा’च ठेवा. ‘राजकीय स्थिती’ म्हणजे आज तंग, उद्या निवळेल अशी काहीतरी गोष्ट. बेटावरचं भांडण कायद्याच्या उतरंडीत आपण कितव्या पायरीवर, याचं आहे. ‘दर्जा’ हा मूळ अरबी शब्द, आणि त्याचा अर्थच मुळी पायरी. आपण ‘घटकराज्याचा दर्जा’, ‘विशेष दर्जा’ म्हणतोच. २०२४ मध्ये मराठीला मिळाला तोही अभिजात भाषेचा दर्जा. (स्थिती आहे ती आहे.)

हा शब्द तिथे किती खोल गेलाय ते पाहा. बेटावरचे जुने तीन पक्ष डावे-उजवे असे फारसे ओळखले जात नाहीत. एकाला अमेरिकेचं घटकराज्य व्हायचंय, दुसऱ्याला आहे तेच थोडं सुधारून हवंय, तिसऱ्याला स्वातंत्र्य. ‘स्टेटस’बद्दलचं मत हीच पक्षाची ओळख.

मुळात १८९८ च्या युद्धानंतर स्पेनने हे बेट अमेरिकेच्या हवाली केलं. १९०१ साली संत्र्यांवरून खटला झाला. सान हुआनहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली होती. बेट आता अमेरिकेचंच, मग जकात कसली, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने जकात योग्य ठरवली, आणि एका न्यायमूर्तींनी लिहिलं की हे बेट अमेरिकेला ‘घरगुती अर्थाने परकं’ आहे. तुमच्या कादंबरीत हे वाक्य आलं तर शब्दशः घासत बसू नका, ‘घरातलंच, पण परकं’ पुरे. १९१७ साली बेटवासीयांना नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही, आणि अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकावरच्या अंतिम मतदानात मत नाही. आपल्या भाषेत, रेशनकार्डावर नाव आहे, सातबाऱ्यावर नाही.

‘राष्ट्रकुल’ मात्र ताबडतोब काढा. मराठी वाचकाला ब्रिटनची राणी आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दिसतील. १९५२ साली बेटाने जे स्पॅनिश नाव घेतलं त्याचा सरळ अर्थ ‘मुक्त सहयोगी राज्य’. तेच वापरा, कारण त्यावरचा बेटावरचा टोमणाही मग मराठीत जसाच्या तसा उतरतो: ना राज्य, ना मुक्त, ना सहयोगी. या नावाच्या जोरावर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पोर्तो रिकोला पराधीन प्रदेशांच्या यादीतून वगळलं. पोर्तुगालनेही १९५१ साली घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. म्हणजे गोवा वसाहत नव्हेच, पोर्तुगालचा प्रांत! १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मात्र ही मखलाशी मानली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कादंबरीत मतदान असणारच. त्याला ‘सार्वमत’ म्हणू नका, ‘जनमत कौल’ म्हणा. सार्वमत म्हटलं की निकाल लागला, विषय संपला असं वाटतं. इथे लोक मत देतात आणि शेवटचा शब्द अमेरिकन काँग्रेसचा. ‘कौल’ शब्दात ती गंमत बरोबर बसते. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, हे सगळे डोळे लावून पाहतात. पुढचं माणसांच्या हाती. गोव्याचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा, ‘फूल’ (महाराष्ट्रात विलीन व्हायचं) की ‘दोन पानं’ (वेगळं राहायचं), आणि पोर्तो रिकोचा पहिला कौल त्याच वर्षीच्या जुलैमध्ये! फरक इतकाच की गोव्यातला कौल पाळला गेला. तिकडे कौलावर कौल झाले, आणि १९९८ साली तर ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय निम्म्याहून जास्त मतांनी जिंकला. आपला ‘नोटा’ निवडून आला म्हणा ना.

आता ‘दहशतवादी’. सगळीकडे एकच शब्द लावलात तर कादंबरी तिथेच मेली. १ मार्च १९५४ ला बेटाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी लोलिता लेब्रोन आणि तिच्या तीन साथीदारांनी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या प्रेक्षक सज्जातून गोळ्या झाडल्या, पोर्तो रिकोचा झेंडा फडकवला, पाच सदस्य जखमी झाले. वॉशिंग्टनचा पोलीस तिला दहशतवादी म्हणेल, तिच्या गावची म्हातारी ‘आमची लोलिता’ म्हणेल, आणि निवेदकाने दोघांच्या मध्ये उभं राहून ‘हल्लेखोर’ म्हणावं. मराठी वाचकाला इथे १९२९ ची केंद्रीय कायदेमंडळातली घटना आठवणार, तेव्हा ‘क्रांतिकारक’ शब्द आपोआप ओठावर येईल. पण भगतसिंगांचा बॉम्ब कुणाला मारण्यासाठी नव्हता, हा फरक विसरू नका. १९७५ साली न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये दुपारी जेवायला बसलेली चार माणसं बॉम्बने मारली गेली, आणि पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका सशस्त्र गटाने ते आपलंच काम असल्याचं सांगितलं. तिथे मी स्वतः ‘दहशतवादी’ लिहायला कचरणार नाही.

जुन्या काळचा रंग हवा म्हणून १९२०च्या दशकातला ‘अत्याचारी’ मात्र उचलू नका. तेव्हा ‘अनत्याचारी असहकार’ म्हणजे अहिंसक असहकार आणि ‘अत्याचारी’ म्हणजे शस्त्र धरणारा. आजच्या वाचकाला त्या शब्दाने भलतंच काही दिसेल.

आणि तुमच्या प्रश्नातलाच ‘फुटीर’ तपासा. त्या गटांचं म्हणणं हेच की आम्ही कधी जोडलेच गेलो नव्हतो. त्यांच्या तोंडी ‘स्वातंत्र्यवादी’ घाला आणि ‘फुटीर’ वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यासाठी राखून ठेवा.