दिसले किती आणि आहेत किती: डॉर्सेटच्या हीथवरचे साप

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी वही आठवली. तुम्ही लिहिलंय: इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या हीथवर (म्हणजे हेदरच्या बुटक्या झुडपांच्या माळावर) ९ फेऱ्या, १४ अ‍ॅडर (तिथला विषारी साप), ३ ग्रास स्नेक, स्मूथ स्नेक एकही नाही. तर 'स्मूथ स्नेक इथे नाहीच, असं लिहू का?' हा तुमचा प्रश्न. कृपा करून लिहू नका.

या आकड्यांत सापांच्या सवयी मिसळलेल्या आहेत. अ‍ॅडरचे नर थंडी ओसरताच बाहेर येऊन तासन्‌तास उघड्यावर ऊन खातात, म्हणून नजरेत भरतात. ग्रास स्नेक पाण्याच्या ओढीचा, लांबवर भटकणारा, चाहूल लागली की पसार. स्मूथ स्नेक मात्र ऊन खातानाही हेदरच्या गचपणात अंग लपवतो. दोन हातांवरून गेलात तरी दिसणार नाही. तो सापडतो बहुतेक पत्र्याखालीच, म्हणजे साप आसऱ्याला यावेत म्हणून आपण जमिनीवर ठेवतो त्या पत्र्याखाली. त्यामुळे उघड्यावरचे अ‍ॅडर आणि पत्र्याखालचे स्मूथ स्नेक एकाच रकान्यात मांडून 'कोण जास्त' ठरत नाही. जातीची तुलना तिच्याशीच करा, त्याच जागी, त्याच पद्धतीने, दरवर्षी.

आता मुख्य प्रश्न: त्या ९ फेऱ्या म्हणजे केलेल्या सगळ्या, की फक्त साप दिसलेल्या?

माझी दोन वर्षं इथेच वाया गेली. साप दिसला तरच मी नोंद करायचो. रिकामा परतलो की वही उघडायचोच नाही. किती वेळ चाललो, किती पत्रे उचलले, ऊन होतं की ढग, काहीच लिहिलं नाही. ज्या कार्यालयाकडे तक्ते पाठवायचो तिथून दर खेपेला 'मिळाले, आभार' एवढंच यायचं. तिसऱ्या वर्षी कळवलं, रिकाम्या फेऱ्या नसल्यामुळे तुलनेला हे आकडे चालणार नाहीत. पहिल्याच पत्रात एक ओळ लिहायला काय हरकत होती? अजून राग येतो, कारण मधल्या उन्हाळ्यात माझा अर्धा उतार वणव्यात जळाला. जळण्याआधी तिथे किती साप होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, सुट्टीच्या दिवशी फिरणारा माणूस आहे. तेव्हा जाणकारांना जरूर विचारा. पण माझं मत ठाम आहे: साप दिसत नाहीत म्हणून पत्रे मधेच हलवू नका, ते जागेवर मुरायला वेळ लागतो. स्मूथ स्नेकच्या टापूत परवान्याशिवाय पत्रा उचलू नका, ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. अ‍ॅडरच्या डोक्याचे फोटो लांबूनच काढा. खुणा ताडून पाहिल्यावर १४ अ‍ॅडर म्हणजे पाचच जण पुन्हापुन्हा भेटलेले निघू शकतात. आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट बघा, लाइम आजार तिच्यामुळेच होतो.

रिकाम्या फेऱ्या नोंदवल्या नसतील तर आजच बसा. फोनमधले फोटो, पार्किंगच्या पावत्या, चालण्याचं अ‍ॅप यांतून तारखा सापडतात. मला हे सुचलं तोवर फोन बदलून झाला होता.