'पॅनिक'चं पानिपताशी नातं आहे का?

प्रश्न : ताई, आमच्या घरी दिवसातून दहा वेळा "पॅनिक होऊ नकोस" ऐकू येतं. गॅस संपला, पॅनिक. ओटीपी आला नाही, पॅनिक. माझा भाचा छातीठोकपणे सांगतो, की हा शब्द पानिपतावरून इंग्रजांनी उचलला. त्याला तसा मेसेजच आलाय म्हणे. हे खरं का? आणि याला आपला शब्द कोणता? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाच्याची कल्पनाशक्ती शाबूत आहे, पण मेसेज साफ खोटा. १७६१ च्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा शब्द इंग्रजीत रुळू लागला होता, तोही फ्रेंचमधून आलेला. आता भाचा म्हणेल, पानिपतच्या पहिल्या लढाईचं काय? तीही चालणार नाही. मुळात शब्द ग्रीक आहे आणि ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात तो लेखी सापडतो.

पॅन हा ग्रीकांचा रानातला देव. आर्केडिया नावाच्या डोंगराळ मुलखात मेंढपाळ त्याला भजायचे. कमरेखाली बोकड, डोक्याला शिंगं, हातात बोरूंचा पावा. भर दुपारी तो झोपतो, तेव्हा कुणी पावा वाजवू नये, नाहीतर खवळतो, अशी समजूत. निर्जन रानात काही दिसत नाही, तरी एकाएकी अंगावर काटा येतो आणि कळप उधळतो, ते याचंच काम. म्हणून ती 'पॅनची' भीती.

पण ग्रीकांना हा शब्द जास्त लागायचा तो छावणीत. एनियास नावाच्या लेखकानं शहराच्या संरक्षणाविषयी लिहिताना म्हटलंय, की रात्री सैन्यात अचानक उठणाऱ्या गोंधळाला हे नाव आहे आणि ते मूळचं पेलोपोनीजचं, म्हणजे दक्षिण ग्रीसचं, त्यातही आर्केडियाचं. उपायही तो देतो. उदाहरणार्थ, रात्री गडबड झाली तर प्रत्येकानं शस्त्र घेऊन जागेवर बसून राहायचं; जो उभा राहील तो शत्रू.

मला सगळ्यात आवडतो तो झेनोफन या ग्रीक सैनिक-लेखकानं लिहून ठेवलेला प्रसंग. इ.स.पू. ४०१. इराणच्या राजाच्या मुलखात, घरापासून फार लांब अडकलेली ग्रीक फौज. रात्री छावणीत एकदम हलकल्लोळ उठला. कशाचा, कुणालाच माहीत नाही. सेनापती क्लिआर्कस यानं काय करावं? धीराचं भाषण नाही, दमदाटी नाही. खणखणीत आवाजाचा दवंडीवाला हाताशी होता, त्याला आधी सगळ्यांना गप्प करायला लावलं आणि मग दवंडी पिटवली : 'शस्त्रांच्या राशीत गाढव कुणी सोडलं, हे जो सांगेल त्याला एक टॅलंट चांदी बक्षीस!' टॅलंट म्हणजे पंचवीस किलोंच्या वर. गाढवबिढव काही होतं की नाही, देव जाणे. पण माणसांना कळलं, की शत्रू आलेला नाही, सेनापती जिवंत आहेत, आणि बक्षीस जाहीर करण्याइतके निवांतही आहेत. झोपले सगळे.

ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानावर उत्तरेकडून चालून गेलेल्या गॉल टोळ्यांना असा क्लिआर्कस मिळाला नाही. इ.स.पू. २७९ मध्ये संध्याकाळी काहींना घोड्यांच्या टापा ऐकू आल्याचा भास झाला आणि रात्रभर ते एकमेकांनाच कापत सुटले. समोरचा ग्रीक बोलतोय असं प्रत्येकाला वाटत होतं, असं पौसेनियस हा जुना ग्रीक प्रवासवर्णनकार सांगतो. विनाकारण उठणारी भीती पॅनकडून येते, असंही तो तिथेच नमूद करतो. पॅननं अथेन्सकरांच्या मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांना पळवलं, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचाल. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मात्र इतकंच लिहितो, की अथेन्सच्या धावपटूला पॅन डोंगरात भेटला आणि 'तुमचे लोक माझी दखल का घेत नाहीत?' म्हणून कुरकुरला. मग अथेन्सवाल्यांनी किल्ल्याच्या टेकडीखाली त्याचं ठाणं केलं.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात घ्या. ही भीती एकट्याची नाही, घोळक्याची. आणि तिला कारण नसतं. या हिशेबानं भाच्याचं पानिपत शब्दार्थानंही बसत नाही. विश्वासराव पडले होते, भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसत होती. फौज फुटायला कारण होतं. याउलट २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आवई उठली, लोकांनी रुळांवर उड्या टाकल्या आणि शेजारून आलेल्या गाडीखाली डझनभर माणसं गेली. क्लिआर्कसच्या छावणीतला प्रकार तो हा. ओटीपी न येणं म्हणजे नुसती चिडचिड.

मराठीत एकच शब्द शोधू नका. अफवेच्या बाजूनं बघितलं तर हूल किंवा आवई, माणसांच्या बाजूनं बघितलं तर घाबरगुंडी, गाळण, पळापळ. 'हूल उठली आणि बाजारात पळापळ झाली' म्हटलं की चित्र पुरं होतं. घरातल्या गॅससाठी 'धांदल' पुष्कळ झाली. 'पॅनिक अटॅक' मात्र तसाच राहू द्या. तो डॉक्टरी शब्द आहे आणि ज्याला तो येतो त्याला 'घाबरगुंडी' म्हणणं क्रूरपणाचं होईल.

भाच्याची फारच निराशा होत असेल, तर भारताशी जोडणारा एक धागा देते. आपला वेदातला पूषन् – रस्त्यांचा नि गुरांचा राखणदार, ज्याच्या रथाला बोकड जुंपलेले – आणि हा पॅन मुळात एकच असावेत, असं काही भाषाभ्यासकांनी मांडलंय. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण मेसेजच फिरवायचा तर हा फिरवा, निदान त्यामागे कुणीतरी अभ्यास केलाय.

आणि हो, उपासाच्या वरीचं शास्त्रीय नाव 'पॅनिकम' असतं, म्हणून पुढचा मेसेज येण्याआधीच सांगते : ते लॅटिनमधलं एका भरड धान्याचं नाव आहे. बोकडदेवाशी त्याचा काही संबंध नाही.