सवलत दिली की माणूस बिघडतो, मॅडम!

लातूरला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसांची दुखणी निरनिराळी असतात, पण बोलता बोलता बहुतेक जण एकाच जागी येऊन अडतात. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करणारी मुलगी म्हणते, "स्वतःला माफ केलं तर माझा अभ्यासच सुटेल." गंजगोलाईच्या बाजारातला दुकानदार म्हणतो, "मनाला धाक पाहिजेच की." जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई म्हणतात, "स्वतःचे लाड करायची आम्हाला सवय नाही." भीती सगळ्यांची एकच: स्वतःला बोल लावणं थांबवलं की आपण सुस्तावणार, हातातून जाणार. अलीकडे हे इतक्यांदा कानावर आलं की याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

हे उत्तर मला सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते एका तरुणामुळे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 31. गावाकडे कोरडवाहू शेती. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत दिवस काढून एमपीएससीचे प्रयत्न केले. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, दोन्ही वेळा कटऑफच्या खाली राहिला. मग गावी परतला आणि सेवा केंद्र चालवायला घेतलं. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं त्याच्याकडे. 2025 च्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला तेव्हा झोप उडालेली होती आणि लग्नकार्याला जाणं त्यानं बंद केलं होतं. कारण मांडवात कुणीतरी विचारणारच, "काय करायलास सध्या?"

पहिल्याच भेटीत त्यानं मोबाईल दाखवला. वॉलपेपरवर निकालाच्या कटऑफची यादी होती, आपल्या प्रवर्गाच्या आकड्याभोवती लाल गोल केलेली. दिवसभर लोकांचे ओटीपी बघायला मोबाईल उचलायचा आणि प्रत्येक वेळी तो लाल गोल बघायचा.

"हे कशासाठी ठेवलंय?"

"विसरू नये म्हणून. सवलत दिली की माणूस बिघडतो, मॅडम."

"सकाळी उठल्यावर स्वतःशी काय बोलता?"

जरा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "भुईला भार. रोज तेच."

"किती दिवसांपासून?"

"पुण्याहून आल्यापासून."

"आणि त्यानं अभ्यास वाढला?"

तो प्रामाणिक होता. पुस्तकांची पेटी गावी आल्यापासून उघडलीच नव्हती.

इथे थोडं थांबून सांगते, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. स्वतःला शिव्या देणं ही आपल्याला मेहनत वाटते. घाम येतो, जीव थकतो, म्हणजे काहीतरी केलं असं वाटतं. प्रत्यक्षात आपण स्वतःवर ओरडतो तेव्हा शरीर सावध होतं ते बाहेरचं कुणी अंगावर धावून आल्यासारखंच. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. छाती धडधडते, खांदे आवळतात आणि मन एकच गोष्ट शोधतं, इथून सुटायचं कसं. पुस्तक उघडलं की शिवी ऐकू येते, म्हणून पुस्तकच उघडलं जात नाही. हात मोबाईलकडे जातो. मग रात्री वाया गेलेल्या दिवसाबद्दल आणखी एक शिवी. धाकानं माणूस काही काळ पळतो हे खरं, पण शिक्षा करणारा आणि शिक्षा भोगणारा एकच असला की तो दमतो, कामापासून लपायला लागतो.

याचा पडताळाही घेतला गेला आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. 2012 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांचे प्रयोग आले. त्यांतल्या एका प्रयोगात मुद्दाम अवघड चाचणी दिली होती. ज्यांना सांगितलं, "ही अनेकांना अवघड जाते, स्वतःला फार बोलू नका", ते पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले. "तुम्ही हुशारच आहात" असं ज्यांना सांगितलं, ते तेवढा वेळ बसले नाहीत. पालकांनी आणि शिकवणीच्या सरांनी हे दोनदा वाचावं.

हे सगळं मी त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या भेटीला तोच वॉलपेपर घेऊन आला. माहितीनं डोकं पटतं. मन पटायला स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी लागतं.

ते सापडलं एका दुपारी, सहज गप्पांत. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती. मांजरा, तेरणेच्या काठची रानं पाण्याखाली गेली, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले. नंतर अनुदानाच्या ई-केवायसीसाठी त्याच्या केंद्रासमोर रांगा लागल्या. तो मन लावून सांगत होता: म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्यांच्या रेषा काम करून करून झिजलेल्या, मशीन घेतच नाही, मग हा ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसतो, परत ठेवायला लावतो, पाचव्यांदा, सहाव्यांदा, जोवर हिरवी खूण येत नाही तोवर. हे सांगताना त्याचा आवाज वेगळाच झाला होता. पेटी न उघडणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसला नसता.

मी विचारलं, "त्याच्या आधी पंचनामा होतो ना? त्यात काय लिहितात?"

"शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक कोणतं, बाधित क्षेत्र किती, नुकसान किती टक्के. तेहतीसच्या वर असलं तरच मदत."

"आणि शेतकरी कसा आहे, ते?"

तो हसला. "त्याला रकानाच नसतो, मॅडम."

"तुमच्या परीक्षेचा पंचनामा तुम्ही केला, त्यात काय लिहिलंत?"

हसू गेलं. खिडकीबाहेर बघत तो बराच वेळ बसला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प बसता यायला हवं, आणि ते मला आता जमतं. शेवटी तो म्हणाला, "बाकी सगळं कोरंच ठेवलं की मी. एकच लिहिलं. शेतकरी नालायक."

आणि मग मी न विचारता तोच पुढे बोलत गेला. "आमच्या रानाचा पंचनामा झाला तेव्हा मी तिथंच होतो. गुडघ्याएवढा चिखल. तलाठी फोटो काढायला लागले. आप्पा त्यांना म्हणले, साहेब, आहे तेवढंच लिवा. कमी नको, जास्ती नको. आणि नुकसान लिहिलं म्हणून आप्पांनी रान पडीक नाही पाडलं. वाफसा आला तसा हरभरा पेरला."

जी भीती घेऊन तो आला होता, तिचं उत्तर त्यानंच दिलं होतं. मी फक्त त्याचंच वाक्य परत म्हटलं: "नुकसान लिहिलं म्हणून रान पडीक पडत नाही." त्यानं डोळे पुसले. मीही थोडा वेळ घेतला.

माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची आहे, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. माणूस इतका गुंतागुंतीचा आहे की त्याला एकच आकडा देणं अडाणीपणाचं आहे, मग तो आकडा शून्य असो की शंभर. म्हणूनच आरशासमोर उभं राहून "मी भारी आहे" म्हणायला मी कुणाला लावत नाही. आज भारी म्हणवून घेणारं मन उद्या पेपर अवघड गेला की लगेच नालायक म्हणणार. मोजमापाची खोड तशीच राहते.

स्वतःविषयीच्या करुणेचा शास्त्रीय अभ्यास टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 पासून पुढे नेला. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेनं वागणं, हे दुःख माझ्या एकट्याचं नाही हे ओळखणं, आणि जे आहे ते लहानमोठं न करता बघणं. मला मांडणी पटते, पण आपल्याकडे मी शेवटून सुरुवात करते. आमच्या भागात, त्यातही पुरुषांना, "स्वतःवर माया करा" म्हटलं की ते अंग चोरतात. "खरं तेवढंच लिहा" म्हटलं की पेन हातात घेतात. माया नंतर येते आणि बहुतेक वेळा न बोलावता येते. वर्षानुवर्षांच्या कामातून हाती आलेला हा क्रम आहे आणि त्यावर माझा भरवसा आहे.

त्यानं पंचनामा लिहून आणला. वहीचं एकच पान. दोनदा मुख्य, दोन्ही वेळा कमी गुण. कोणता पेपर कच्चा, तेही. दुसऱ्या मुख्यच्या तोंडावर आप्पांचं ऑपरेशन. लाखोंनी अर्ज, जागा शेकड्यांत. आणि खाली: "शेवटच्या वर्षी अभ्यासिकेत बसून मोबाईल बघितला. हे माझं." ही ओळ मला फार महत्त्वाची वाटली. शिव्या बंद झाल्या की माणूस सबबी सांगायला लागेल अशी भीती असते. इथे उलट झालं. मारहाणीची भीती गेल्यावर त्यानं आपला दोष नेमका लिहिला. त्याखाली त्यानं स्वतःहून आणखी एक रकाना केला होता, "बाधित नसलेलं क्षेत्र". त्यात होतं: राज्यघटना, कायदे, शासकीय योजना तोंडपाठ. माणसांशी बोलता येतं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर एकाच प्रसंगाचं करा, सगळ्या आयुष्याचं नको. जे झालं ते तिथे हजर असलेल्या तिऱ्हाइताला दिसेल असं लिहा. स्वतःला लावलेलं विशेषण आलं, आळशी, मूर्ख, बावळट, की ते खोडा आणि त्या जागी काय घडलं ते लिहा. "मी वाईट आई आहे" खोडून "काल मी लेकीवर ओरडले, ती उपाशी झोपली." दुसरं वाक्य जास्त बोचतं, आणि त्याला करण्यासारखं काहीतरी असतं, सकाळी लेकीला जवळ घेता येतं. पश्चात्ताप ठेवा, तो कामाचा आहे. रंग, उंची, गेलेली वर्षं अशा न बदलणाऱ्या गोष्टी असतील तर त्या आहेत तशा लिहा आणि पुढची ओळ घ्या. मग विचारा, यात माझं काय, परिस्थितीचं काय, शाबूत काय आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं एक निरीक्षण मला रोज दिसतं: माणूस स्वतःला आहे तसं स्वीकारतो तेव्हाच तो बदलू लागतो.

जुना आवाज एका कागदानं जात नाही. त्यालाही सकाळी "भुईला भार" ऐकू यायचंच. फक्त तो आता विचारायचा, "कोणत्या पेपरात?" इतकं विचारलं की शिवी लटकी पडायची. वॉलपेपर कधी बदलला ते मी विचारलं नाही. पुढे एका लग्नात तो गेला. मामांनी विचारलंच. "परीक्षा दिल्या, नाही झालं. केंद्र चालवतो," असं त्यानं सरळ सांगितलं. मामा म्हणाले, "बरं झालं भेटलास, माझं केवायसी अडकलंय." परत परीक्षेला बसायचं की नाही हे त्याचं अजून ठरायचं आहे. पेटी मात्र उघडली आहे. त्यातली पुस्तकं काढून गावातल्या दोन मुलांना संध्याकाळी शिकवायला त्यानं सुरुवात केली.

एक गोष्ट जपून. ज्यांच्या मनात "मी नसलो तर बरं होईल" असे विचार येतात, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं आहे, त्यांनी वही घेऊन एकट्यानं बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवता येतं आणि गरज असेल तर औषधं घेण्यात काहीही कमीपणा नाही. त्याला पहिल्याच भेटीत मी हे सरळ विचारलं होतं, "मरायचे विचार येतात का?" घरच्यांनीही असंच सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. उलट, कितीतरी दिवस कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघणारा माणूस बोलायला लागतो.